एका श्वासाचे दोन कागद

धुळीचं काम सोडल्यानंतरचा लेकीचा तिसरा रिपोर्ट आज आला. आकडा मागच्या वेळेइतकाच, तसूभरही खाली गेलेला नाही. मी तो कागद चार वेळा वाचला, मग चष्मा पुसून पाचव्यांदा वाचला. शेवटी ह्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "आता तरी झोप." पण काळजीनं जागायची इतकी सवय लागली आहे, की काळजी गेली तरी डोळा लागत नाही. म्हणून वही काढून बसले. ज्या बाईंमुळे हा कागद आमच्या कपाटात आला, त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं. त्या स्वतः काही लिहिणार नाहीत. छापण्यासाठी आयुष्यात एकदाच लिहिलं त्यांनी, आणि तेवढ्यात त्यांचे निम्मे केस पांढरे झाले.

सगळे त्यांना फुंकरबाई म्हणतात. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, अगदी टोकाला, चादरींच्या कोठीशेजारी त्यांची खोली आहे. खोलीत माणूस बसेल एवढी काचेची पेटी, एक स्टूल, एक मशीन आणि नाकाला लावायचे चिमटे. पेशंटनं पेटीत बसायचं, नाक चिमट्यानं बंद करायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. फुप्फुसात हवा किती मावते आणि पहिल्या सेकंदात किती बाहेर पडते, ते मशीन मोजतं. पण माणूस आपण होऊन कधी पुरतं फुंकत नाही. ते काम बाईंचं. अंगानं एवढ्याशा, पण आवाज सुरू झाला की व्हरांड्यातली माणसं दचकून उठायची. "भरा, भरा, भरा! आता सोडा! जोरात! आणखी, आणखी, थांबायचं नाही! तळाला उरलंय अजून, काढा ते!" शेजारचा चादरीवाला दिवसातून एकदा तरी दारात डोकावून विचारायचा, "काय हो बाई, मुलगा का मुलगी?"

बाईंचे वडील बाजारात वजनमापं तपासायचे. लाकडी पेटीत पितळी वजनं घेऊन हिंडायचे आणि प्रत्येक दुकानाच्या तराजूत आपलं वजन टाकून बघायचे. भांडण नाही, आवाज नाही. वजन टाकायचं, काटा बघायचा, लिहायचं आणि पुढच्या दुकानात जायचं. बाईंच्या लग्नाला बाजारातलं एकही माणूस आलं नाही, हे त्या अजून हसत हसत सांगतात.

तीच सवय बाईंना. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी त्या तीन लिटरची भलीमोठी पिचकारी मशीनला जोडायच्या आणि दट्ट्या आत ढकलायच्या. मशीननं तीन लिटर दाखवले की दिवस सुरू. सोळा वर्षांत मशीन एकदाही चुकलं नाही, असं त्या ठामपणे सांगायच्या.

पेशंटचं नाव, वय, उंची भरून झाली की पडद्यावर एक चौकोन यायचा. त्यावर लिहिलेलं असायचं 'मूळ'. पर्याय दोनच: 'सर्वसाधारण' आणि 'इतर'. पेशंटला विचारायचं नाही, तोंडाकडे बघायचं आणि खूण करायची, असं बाईंना शिकवलेलं. कालव्यापलीकडे राहणारे आम्ही सगळे 'इतर'. आमच्या पणज्या-पणजोबांना या शहरानं कामाला आणलं. त्यानंतरच्या पिढ्या इथंच जन्मल्या, इथल्याच शाळांत शिकल्या. मी पदवी घेतली तीही इथल्याच कॉलेजात. पण चौकोनात आम्ही अजून 'इतर'च. बाईही आमच्यातल्याच. शिकाऊ असताना त्यांनी सरावासाठी स्वतःची तपासणी केली, तेव्हा स्वतःच्या नावापुढे 'इतर' अशी खूण त्यांनीच केली होती.

"त्या खुणेनं काय होतं, ते विचारलं नाहीत?" मी एकदा त्यांना म्हटलं.

"विचारलं की. म्हणाले, काही नाही, मशीनला लागतं."

आमची लेक दगडाच्या कारखान्यात कामाला. स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी दगडाच्या लाद्या कापायच्या, कडा घासायच्या. घरी यायची तेव्हा पापण्यांचे केससुद्धा पांढरे. कारखान्याचा नियम असा, की प्रत्येकानं वर्षातून एकदा रुग्णालयात जाऊन फुंकून यायचं. रिपोर्टमध्ये शंभरात ऐंशीच्या खाली आलं तर त्या माणसाला धुळीतून काढून लाद्यांची मापं घ्यायच्या खोलीत बसवायचं आणि उपचार सुरू करायचे. ऐंशीच्या वर असेल तर परत करवतीवर. लेकीचा रिपोर्ट दोन वर्षं 'नॉर्मल' आला. वय तेवीस, आणि आमचा दोन मजल्यांचा जिना चढताना दोनदा कठडा धरून थांबायची. मी म्हणायचे, सोड ती नोकरी. ती म्हणायची, "आई, माझा रिपोर्ट नॉर्मल आहे. तुझाच काढायला पाहिजे."

पुढच्या तपासणीला मी हट्टानं तिच्याबरोबर गेले. त्या दिवशी बाहेर ही गर्दी. लेकीच्या आधी एक गोरापान कारकून फुंकून गेला. बाईंनी लेकीचं नाव भरलं, वय भरलं, उंची भरली, आणि चौकोन बदलायचा राहिला. आधीच्या माणसाची 'सर्वसाधारण' ही खूण तशीच राहिली. लेक फुंकून बाहेर आली, कागद निघाला. शंभरात शहात्तर. खाली लाल अक्षरांत 'घट'. मी लेकीकडे बघितलं.

बाईंनी पडद्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, चौकोन चुकला. घाबरू नका हं." त्यांनी खूण बदलली, एक बटण दाबलं, दुसरा कागद निघाला. शंभरात सत्त्याऐंशी. 'नॉर्मल'. "हा घ्या. पहिला इकडे द्या, फाडायचाय."

लेकीनं दोन्ही कागद दोन हातांत धरले. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "मावशी, मधे मी काही फुंकलं नाही. मग बरी कशी झाले?"

बाई हसल्या. मग हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. त्यांनी दार लावून घेतलं, पिचकारी जोडली आणि दट्ट्या ढकलला. खूण 'सर्वसाधारण' असताना तीन लिटर. खूण 'इतर' असताना तीन लिटर. मशीन मोजताना चुकत नव्हतं. चूक शेजारच्या रकान्यात होती. या वयाच्या, या उंचीच्या मुलीनं किती फुंकायला हवं, तो अपेक्षित आकडा त्या रकान्यात असतो. 'इतर' म्हटलं की मशीन तो आकडा परस्पर तेरा टक्क्यांनी कमी करत होतं. या लोकांची फुप्फुसं मुळातच लहान, असं कुणीतरी कधीतरी धरून चाललेलं. म्हणजे आमच्या माणसाची छाती तेरा टक्के कामातून गेली, तरी मशीनच्या लेखी काही बिघडलेलंच नसायचं.

बाईंनी पहिला कागद फाडला नाही. डब्याच्या पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मोठे डॉक्टर म्हणजे त्यांचे विभागप्रमुख. माणूस वाईट नाही. गरिबातल्या गरिबालाही अहो-जाहो करतात, चादरीवाल्याच्या वडिलांना त्यांनी स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं होतं. त्यांनी दोन्ही कागद बघितले आणि शांतपणे म्हणाले, "इथं कुणी भेदभाव करतं का, बाई? तुम्ही इतकी वर्षं आहात, सांगा. मशीन बनवणाऱ्यांनी अभ्यास करूनच घातलं असेल ना ते. तुम्ही फुंकवून घ्या. अर्थ लावायला आम्ही आहोत."

नियमानं दुसरा कागद खरा. लेक परत करवतीवर. त्या आठवड्यात मी तिच्याशी जितकी भांडले तितकी जन्मात भांडले नसेन.

"माझ्या रांगेत चौदा जणी आहेत आई," ती म्हणाली. "सगळ्या 'इतर'. मी घरी बसले तर माझ्या जागेवर पंधरावी येईल."

"तिचं तिची आई बघेल," मी म्हटलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरांना पटलं नाही, म्हणून बाईंना आता एका विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर, म्हणजे शोधनिबंध, पाठवायचा होता. त्यांच्याकडे सोळा वर्षांच्या नोंदवह्या होत्या. वह्या बाहेर न्यायला मनाई, म्हणून त्या दुपारच्या सुट्टीत दगडकारखान्यातल्या माणसांचे आकडे उतरवून आणायच्या, नावांच्या जागी नंबर घालून. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले होते. पुढे त्याचा उपयोग फक्त लेकीच्या गृहपाठात झालेला. दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी बसायचो. बाई आकडे वाचायच्या, मी मांडायचे, आणि आतून लेकीचा खोकला यायचा. दोनशे बारा नोंदी झाल्या. चौकोन काढून टाकला तर त्यातली चाळीस माणसं 'नॉर्मल'मधून थेट ऐंशीच्या खाली येत होती.

असा पेपर लगेच छापत नाहीत. आधी तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला जातो. ते कोण, हे लिहिणाऱ्याला कळत नाही, आणि लिहिणारा कोण, हे त्यांनाही सांगत नाहीत. पहिल्या नियतकालिकानं आठवड्यात तीन ओळींत वाटेला लावलं. या लोकांची फुप्फुसं लहान असतात हे सर्वज्ञात आहे, नवीन काही नाही. बाई म्हणाल्या, "सर्वज्ञात म्हणे. मला कुठं माहीत होतं?" आणि दुसरीकडे पाठवला.

दुसऱ्या नियतकालिकाचं उत्तर यायला चार महिने लागले. एका परीक्षकानं एक पान लिहिलं होतं, काम चांगलं आहे म्हणून. दुसऱ्यानं अकरा पानं. त्याचं नाव आम्ही जागच्या जागी ठेवलं, खडूस. बाई की बुवा, म्हातारा की तरुण, आजपर्यंत कळलेलं नाही.

खडूसनं एकही ओळ सोडली नव्हती. दोनशे बारा ही माणसं आहेत की भेटी? एकच माणूस दोन वेगळ्या वर्षी आला असेल तर तो दोनदा मोजला गेला का? 'मूळ' कुणी ठरवलं? पेशंटला विचारून की बघून? बघून असेल, तर लेखक ज्या चुकीकडे बोट दाखवतो आहे, तीच चूक त्याच्या स्वतःच्या तक्त्यात बसलेली आहे. आणि शेवटी: ही चाळीस माणसं खरोखर आजारी आहेत याला पुरावा काय? नुसतं दुसरं गणित? त्यांच्या छातीचे स्कॅन कुठे आहेत?

माझा तिळपापड झाला. "हा त्यांच्यातलाच! आपल्याला पळवून लावायचंय त्याला. द्या फेकून ते पत्र, मी लिहिते त्याला चार शब्द."

बाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं. अकरा पानांची घडी घातली, त्याच डब्याच्या पिशवीत ठेवली आणि गेल्या. नऊ दिवस फोन नाही, रविवारी आल्या नाहीत. दहाव्या दिवशी मीच त्यांच्या खोलीवर गेले. जेवणाची सुट्टी होती. बाई स्टुलावर बसलेल्या, समोर नोंदवह्यांची चळत, डबा उघडलेलासुद्धा नाही.

"वहिनी, चोवीस माणसं दोनदा धरली आपण," त्या म्हणाल्या. "खडूस बरोबर बोलतो. दोनशे बारा नाहीत, एकशे अठ्ठ्याऐंशी आहेत."

"मग बुडालंच की सगळं!"

"ऐका तर. त्या चोवीसमधल्या अकरा जणांच्या दोन भेटींत खूण वेगवेगळी आहे. हा बघा, कारखान्याच्या पगारावरचा, पत्रं पोचवणारा पोस्टमन. मे महिन्यात आला तेव्हा 'इतर'. पुढच्या वर्षी जानेवारीत आला तेव्हा 'सर्वसाधारण'. उन्हानं रापला की एक आणि थंडीत उजळला की दुसरा. मे महिन्यात ठणठणीत, जानेवारीत आजारी. त्याचा श्वास दोन्ही वेळा सारखाच, वहिनी. आणि खूण माझ्या हातची." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे असं बघितलं, जणू तो कुणा भलत्याचा आहे. "सोळा वर्षं. मी मशीनला दोष देत बसले होते."

"तुम्हाला शिकवलं तसं केलंत तुम्ही."

"हो ना. मी शिकवलं तसं केलं, डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला तसा लिहिला, कारखान्यानं नियम पाळला. एकाला म्हणून वाईट म्हणायची सोय नाही, आणि चौदा पोरी धूळ खातायत."

मग त्यांनी डबा उघडला आणि जेवताना लिहायला घेतलं. ते अकरा जण आता पेपरच्या पहिल्याच पानावर आले. आमच्या आधीच्या पानोपान आकड्यांनी जे कुणाला पटलं नसतं, ते पोस्टमन एका ओळीत पटवणार होता. आणि तो आम्हाला सापडला कुणामुळे, तर ज्याचं पत्र मी फेकून देणार होते त्याच्यामुळे.

राहिले स्कॅन. त्याला मोठ्या डॉक्टरांची सही हवी. बाई परीक्षकाचं पत्र घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी अकराही पानं वाचली. त्यांना बहुतेक खडूस आवडला असावा, कारण ते म्हणाले, "नेमकं विचारलंय यानं. घ्या स्कॅन, होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष." स्कॅन स्वच्छ निघतील याची त्यांना खात्री होती. दोनदा धरलेले वगळूनही ते चाळीस जण चाळीसच राहिले होते; त्यांना पत्रं गेली. एकतीस आले. त्यात आमची लेक.

ती स्कॅनला आत गेली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. का घेतल्या, माहीत नाही. तासाभरानं मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. माझ्याशेजारी बाकावर बसले. म्हणाले, "आहे. दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला बारीक ठिपके आहेत. धुळीचे. पण फार लवकर सापडलं. जे गेलंय ते परत येणार नाही, पुढचं थांबवता येईल. आजपासून धूळ बंद. मी लिहून देतो." मग म्हणाले, "आणखी वर्षभर तशीच राहिली असती तर..." मी रडले, पण ते रडणं सुटकेचं होतं. दोन वर्षं मला जे दिसत होतं आणि कागदाला दिसत नव्हतं, ते शेवटी कागदावर आलं होतं.

एकतीसपैकी एकोणीस जणांच्या छातीत काही ना काही सापडलं. शेवटचा स्कॅन झाला त्या संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावलं.

"तो चौकोन कोण भरतं?"

"मी."

"उद्यापासून भरू नका."

एवढंच. पण एका खोलीतला चौकोन बंद झाला म्हणजे नियम बदलला असं नाही. त्यासाठी समिती बसली. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, कारखान्याचा आला, वरच्या कार्यालयातले तिघे आले. बाईंनी त्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसली होती आणि आवाज इतका बारीक निघत होता की कार्यालयातले एक गृहस्थ म्हणाले, "जरा मोठ्यानं बोला." मोठे डॉक्टर म्हणाले, "तसं सांगू नका त्यांना, काचा फुटतील." सगळे हसले आणि बाईंचा घसा मोकळा झाला. मग प्रश्न आले. हीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली नाहीत कशावरून? गट कुणी पाडले? नुसत्या गणितावर कसा विश्वास ठेवायचा? पाच प्रश्न आले आणि पाचही खडूसनं आधी विचारून ठेवलेले. बाई फक्त पान नंबर सांगत गेल्या. पेपर पहिल्या रूपात तसाच छापून आला असता, तर त्या कंपनीच्या माणसानं पोस्टमनला दोनदा मोजल्याचं दाखवून दिलं असतं, सगळ्यांनी कागद गोळा केले असते आणि लेक परत करवतीवर गेली असती. हे मी आता मुद्दाम लिहून ठेवते, कारण ते चार शब्द मी खरोखरच लिहिले होते. पाकिटात घातले होते. तिकीट लावायचं राहिलं होतं.

पेपर छापून आला. नव्या फॉर्मवर 'मूळ' नाही. जुने रिपोर्ट पुन्हा वाचले गेले आणि लेकीच्या रांगेतल्या चौदांपैकी नऊ जणींना धुळीतून काढलं. करवतींवर आता पाण्याची धार असते. मशीनमधला तो चौकोन मात्र पडद्यावर अजून येतो, कंपनीला काढायला वेळ लागणार म्हणे. बाईंनी तिथं पट्टी बांधायची पांढरी चिकटपट्टी लावून टाकली आहे.

आज सकाळी लेक त्या काचेच्या पेटीत बसली. "भर, भर, भर! सोड! आणखी! तळाला आहे अजून, मला माहितीये!" मी बाहेर भिंतीला टेकून उभी. चादरीवाला डोकावला. "मुलगा का मुलगी?" लेकीनं नाकाचा चिमटा काढला आणि धापा टाकत म्हणाली, "जुळं!" बाईंनी कागद काढला, आधी स्वतः बघितला, मग माझ्यापुढे धरला. शंभरात शहात्तर. मागच्या वेळी शहात्तर, त्याच्या आधी शहात्तर. या आकड्यावर माझं इतकं प्रेम बसेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

निघताना बाईंनी मला थांबवलं. त्या नियतकालिकानं आता त्यांच्याकडे एक पेपर तपासायला पाठवला आहे, कुणा अनोळखी माणसाचा. त्यांनी सात पानं लिहिली आहेत. प्रश्नच प्रश्न. एके ठिकाणी त्यानं 'सर्वांना माहीत आहे' असं लिहिलं होतं. तिथं बाईंनी लाल पेनानं विचारलं आहे, 'कुणाकुणाला?'

"वहिनी, वाचून सांगा ना, फार खडूस झालंय का? शेवटी एक ओळ घालू का, काम मन लावून केलंय म्हणून? आपल्या खडूसनं तेवढं लिहिलं असतं तर मला त्या नऊ दिवसांत थोडी तरी झोप लागली असती."

मी म्हटलं, "घाला. आणि शेवटी नको, सगळ्यात वर घाला."